नवस प्रेमाचा, पाय माझे

मुक्काम कशेळी, शाळेचा तिसरीचा वर्ग
शुक्रवार, ११ एप्रिल १९८६

ती. कुंदाताईस,
जयवंताचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला उतरला का? मी खुशाल आहे, म्हणजे कमरेच्या वर खुशाल आहे. खालचे सविस्तर लिहितो.

गेल्या वर्षी मला कावीळ झाली तेव्हा प्रेमाने साईबाबांना नवस बोलला, हे तुला ठाऊकच आहे. पण नवसाचे शब्द तुला ठाऊक नसतील. 'हे बरे झाले तर भांडुपहून शिर्डीला पायी जातील.' जाईन नव्हे, जातील! (वर्षभर मी तिला समजावले की दुसऱ्याचे पाय असे परस्पर कबूल करता येत नाहीत. मी कांजूरच्या कारखान्यात स्टोअरमध्ये बसणारा माणूस, माझी मोठ्यात मोठी पदयात्रा कँटीनपर्यंतची.) तिने ऐकून घेतले आणि आमच्या मंडळाच्या पालखीत माझे नाव देऊन आली.

आज सकाळी सहाला निघालो. काय तो थाट, ताई! चाळीतल्या बायकांनी ओवाळले, कोणी नारळ दिला, समोरच्या जानकीआजी तर माझ्या पाया पडल्या. ऐंशी वर्षांची बाई वाकलेली पाहून मला इतके भरून आले की तिथल्या तिथे मी फार मोठा भक्त असल्यासारखे वाटू लागले. हे वाटणे साधारण नाहूरपर्यंत टिकले. कॅनव्हासचे नवे बूट घेतले होते, ते जरा घट्ट होते. दुकानदार म्हणाला होता, चालून सैल होतील. सैल झाली ती माझ्या टाचेची कातडी. मुलुंड चेकनाक्याला पोचलो तेव्हा दोन्ही टाचांवर लिंबाएवढे फोड, आणि मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलेला. घरापासून बसचे पाच-सहा स्टॉप आणि शिर्डी अजून पुरी शिल्लक.

तेवढ्यात बसमधून प्रेमा उतरली. मी चष्मा घरीच विसरलो होतो, तो द्यायला आली होती. घरातली साडी, पायात रबरी चपला, हातात भाजीची पिशवी. तिने माझे पाय पाहिले, चष्मा माझ्या नाकावर ठेवला आणि माझ्या हातातली पताका घेतली. म्हणाली, "तुमका जमणा नाय, तर मी चलतंय."

मी म्हटले, "अगं, मुलं घरी आहेत!"

"शेजारच्या शेवंतीकडे आसत ती. फोन करा वाण्याकडे."

असे चालते का, हे मी पालखीप्रमुख चंद्रप्रकाशला विचारले. (तो वकिलाकडे टायपिस्ट आहे, म्हणून धर्माचे प्रश्नही त्यालाच विचारतात.) तो म्हणाला, नवस बोलणारी तीच, चालणारी तीच, मग बाबांची काय हरकत असणार? तुम्ही टेम्पोत बसा यार.

म्हणून मी तांदळाची पोती आणि पातेली यांच्यामध्ये बसून यात्रा सुरू केली. टेम्पो पालखीच्या मागून रांगत होता, त्यामुळे दिवसभर मला प्रेमाची पाठ दिसत होती. ताई, लग्नाला चौदा वर्षे झाली, पण तिला पुढे चालताना मी आज पहिल्यांदा पाहिले. एरवी ती माझ्या मागे असते आणि मी वळूनसुद्धा न बघता 'चल लवकर' म्हणतो. ती चालते झपाझप, जरा डावीकडे झुकून. कदाचित इतकी वर्षे ती माझ्यासाठीच हळू चालत असेल. भर उन्हात कशेळीच्या पुलावर तिने डोक्यावर पदर घेतला, तेव्हा उतरून तिच्या शेजारी जावे असे फार वाटले. उतरलो, चार पावले टाकली आणि पुन्हा पातेल्यांत जाऊन बसलो.

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर तिच्या पायांना मी तेल लावून दिले. बायका हसत होत्या, प्रेमा पाय ओढून घेत होती, पण मी सोडले नाहीत. मग वर्षभर डोक्यात असलेला प्रश्न विचारला, "नवस माझ्या पायांचा का बोललीस? स्वतःच्या का नाही?"

ती म्हणाली, "तेव्हा तुमका कुशीर वळाक येत नव्हता. डॉक्टर माझ्याकडे बघीत नव्हतो. मी चललंय काय नि नाय काय! माका तुमी चलतले होये होते."

वर्षभर मला वाटत होते, बाईने आपल्याला कामाला लावले. मी तेलाची बाटली बंद करायचेच विसरलो, अर्धी सांडली.

उद्या मी चालणार आहे. फडके बांधून, अनवाणी, जमेल तितके.
तुझा,
जयवंत

ता. क. १ : खरे काम राहिलेच. आमच्या मृणालिनीची वार्षिक परीक्षा मंगळवारपासून आहे आणि प्रेमा आता शिर्डीशिवाय परतत नाही. शेवंतीला एखादा दिवस ठीक, आठ दिवस कसे सांगणार? तू भांडुपला येऊन राहशील का? पालखीतला शिवदास तुमच्या बोरिवलीच्याच डेपोत कंडक्टर आहे, एकच दिवस चालायला आला होता. तो उद्या ड्यूटीवर जाताना हे पत्र तुला देईल.

ता. क. २ : प्रेमाने पत्र वाचले. तेलाचे खोडा म्हणते. मी खोडत नाही.

ता. क. ३ : वन्सं, प्रेमाचा नमस्कार. गेल्या वर्षी घर तुम्ही सांभाळलंत म्हणून मी एकोणीस दिवस ह्यांच्या उशाशी बसू शकले, हे तेव्हा सांगायचं राहून गेलं. आपली नंतर जी बोलाचाली झाली ती सोडून द्या आणि राहायला याच. फक्त माझे डबे जागचे हलवू नका. तेव्हा हळद सापडायला मला चार दिवस लागले होते.