मागूरची पिल्लं आणि माझी चूक

प्रिय खारूताई,

तुझं पत्र आईने वाचून दाखवलं. नोकरीत रुळलीस, खोलीही मिळाली, जीव भांड्यात पडला. तुझी आई बरी आहे. माझ्यावर ओरडायला तिला रोज नवं कारण सापडतं, म्हणजे तब्येत ठणठणीत.

मागच्या सोमवारी आमच्या मत्स्यबीज केंद्रात मागूर माशांची अंडी फुटली. चाळीसेक हजार पिल्लं, जेमतेम मुंगीएवढी. लहानपणी तू विचारायचीस, यांना भरवतं कोण? पहिले तीन दिवस कोणीच नाही. पोटाला पिवळी पिशवी असते, तिच्यावर जगतात. ती संपत आली की पाण्यातले बारीक जिवंत किडे द्यायचे. लवकर टाकले तर पाणी नासतं, उशीर झाला तर पिल्लं हातची जातात. ती वेळ ओळखणं माझं काम, गेली सव्वीस वर्षं.

गुरुवारी टाक्या धुणाऱ्या, खाद्य टाकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दादा, पिशव्या संपल्यात. पोरं तोंड वासून भिंतीला लागतायत." मी वाकून पाहिलं. "अजून आहे, उद्या बघू," म्हणालो. शुक्रवारी त्यांनी परत विचारलं, तर मीच चिडलो.

शनिवारी तळाशी पांढरा थर. मावशी सांगत होत्या, उरलेली एकमेकांच्या शेपट्या तोडतायत. आम्ही दोघांनी किडे ओतले, पाणी बदललं, मेलेली गाळून काढत राहिलो. मावशी म्हणाल्या, खाद्य तोंडाशी येतंय, पण ते पकडायचं त्राणच त्यांच्यात नाही. सोमवारी जेमतेम चारशे उरली.

मालक आले. खाद्य टाकायचं काम मावशींचं, म्हणून त्यांनाच झापलं आणि घरी बसवलं. मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी टाकीवर वाकून गाळणी फिरवत राहिलो.

खारू, मला त्या पिशव्या दिसतच नव्हत्या. चार महिने झाले, समोर बघावं तिथेच धुकं असतं. लपवत आलो. काल डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, चष्म्याचाही उपयोग नाही. आज मालकांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "आता दुसरी बाई ठेवलीय." तिथून मावशींच्या वस्तीत गेलो. सगळी दारं सारखीच दिसली. कुणाला विचारायचा धीर झाला नाही, परत फिरलो. आईला यातलं काही ठाऊक नाही. हे पत्रही अंदाजानेच लिहितोय. दोन दिवसांची रजा काढून ये. मला फक्त त्यांच्या दारापर्यंत ने. पुढचं माझं मी बोलेन.

तुझाच,
बाबा