कडंची पात

ता. घनसावंगी, जि. जालना
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय संध्या,

तुझ्या वहिनीचा सप्रेम जय भीम. इकडं सगळ्यांचं बरं चाललंय, तुझ्या तब्येतीचं कळव. हे पत्र तुझ्या हातात पडायच्या आधी तिथल्या जेलच्या मॅडम वाचतेत, हे मला म्हाईत हाय. मॅडम, तुम्हालाबी जय भीम. अक्षर लागलं न्हाई तर संध्याला विचारा, तिला माझं अक्षर बराबर लागतं.

तुझं पत्र भेटलं. त्यात शेवटी तू जे लिहिलंस त्याचं उत्तर देणार हाय, पण आधी इकडचं सांगू दे. नणंदबाईंनी जरा दम धरावा.

यंदा कापसाची पऱ्हाटी चांगली हाय, अन् गवत तिच्याहून चांगलं हाय. खुरपून खुरपून बोटं वळंना झालीत. तुझे दादा अंकुशनगरला कारखान्यावर जाऊन-येऊन करतेत. मायच्या गुडघ्यानं दगा दिलाय अन् डोळ्यात पडदा आलाय, तोंड मात्र पहिल्यासारखंच चालतं. कालच मला म्हणाली, "कौसल्या, तुह्या भाकरीला काठ हाय का न्हाई?" भाकरी दिसत न्हाई, काठ बरा दिसतो!

आता त्या मालिकेचं. तू लिहिलंस की तुमच्याकडंबी 'बिनउंबऱ्याचं घर' बघतेत, अन् जेलातल्या बायांच्या इस्त्रीच्या साड्या बघून तुम्ही सगळ्या हसता. आमच्याकडं कुणी हसत न्हाई गं. आमच्याकडं दंगल असती. टीव्ही आमचाच मोठा, म्हणून सगळी गल्ली आमच्या घरात. विहारात वर्षावासाचं वाचन आठला असायचं अन् मालिकाबी आठला. थोडे दिवस बायांनी कसेबसे काढले. मंग ज्योत्स्नाकाकूच उठून म्हणाल्या, "वाचन सातला घ्या, धम्म काय घड्याळ बघत न्हाई." आता तिकडं साधू, साधू, साधू म्हणलं की बाया चपला हातात घेऊन थेट इकडं.

ज्योत्स्नाकाकू तशाच हायेत. अजूनबी रोजानं जायच्या बायांना त्याच जमवतेत, बांधावर उभं राहून कुणी कोणत्या ओळीची पात धरायची ते त्याच सांगतेत, अन् तोंडबी तसंच. मालिकेच्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, "असल्या बायांना कशाला दाखवतेत टीव्हीवर? आपल्या पोरींनी काय शिकावं?" कोणाच्या घरात बसून बोलून राह्यलो, हे इसरूनच गेल्या. मी आत चहा गाळत होते, तो सांडला. तुझी प्रिया टीव्हीकडं पाठ करून अभ्यास करत बसल्ती. ती रोज तशीच बसती, भिंतीकडं तोंड करून.

तेवढ्यात माय मोठ्यानं म्हणाली, "सरका गं मधून. माही संध्या दिसती का बघू द्या."

संध्या, इतकी वर्षं झाली, ह्या गल्लीत तुझं नाव कुणी आमच्यासमोर घेतलं न्हाई. वाईट म्हणून न्हाई, पण घेतलं न्हाई. मायनं ते एका दमात घेऊन टाकलं.

तिला वाटतं जेल म्हणजे एकच. तहसील एक, तसं जेल एक. मी पुष्कळ समजावलं, "माय, ह्या नट्या हायेत." तर म्हणती, "पुढच्या असतील नट्या. मागच्यांना कोण पैसे देतं नटायचे? त्या खऱ्याच असतेत." अन् रोज खुर्ची टीव्हीला चिकटवून मागच्या बाया हुडकायची. एक दिवस ओरडली, "ही बघ! ही बघ माही संध्या! डाव्या हातानं झाडती!" खरंच गं, पार मागं भिंतीजवळ एक बाई डाव्या हातानं झाडू मारत होती. जाड वेणी, वाकलेली. तोंड काही दिसलं न्हाई. मलाबी क्षणभर वाटलं की तूच हायेस. येडी म्हण मला, पण वाटलं.

तेव्हापासून गल्लीला नादच लागला. पुढं ती गोरी हिरोईन उमा रडून राह्यली, वकील बोलून राह्यला, अन् आमच्या बाया मागं बघून राह्यल्या. "माय, आली बघा तुमची, पाण्याच्या रांगेत." "माय, आज तिनं चुंबळ केली डोक्यावर." आधी मायचं मन राखायला म्हणायच्या, मंग त्यांनाच सवय झाली. दोन दिवस ती दिसली न्हाई तर ज्योत्स्नाकाकूच म्हणाल्या, "आजारी पडली का काय?"

ती उमा निर्दोष हाय म्हणं. तिनं काहीच केलं न्हाई, दिरानं अडकवलं. बाया तिच्यापायी पदर ओले करायच्या अन् मला राग यायचा. जिनं काहीच केलं न्हाई तिच्यासाठी कुणीबी रडंल. जिच्या हातून झालं तिला कुणी न्हाई का? हे आपण कधी कागदावर लिहिलं न्हाई, आज लिहिते. तो तुला रोज मारायचा. त्या दिवशी लेकरावर धावला अन् तुझ्या हाती मुसळ आलं. कोर्टात तू खोटं बोलली न्हाईस. मला तुझी तेव्हाबी लाज वाटली न्हाई अन् आताबी वाटत न्हाई. मॅडम, हे खोडू नका.

मंग मागच्या आठवड्यातला भाग. तुम्ही बघितलाच असंल. उमाचा निकाल होता, बाया जल्दी जल्दी येऊन बसल्त्या. पण त्याच्या आधी एवढासा प्रसंग होता. त्या डावखुरीचं नाव पुकारलं. सुटली ती. पिशवी घेतली, बाकीच्यांच्या पाया पडली, फाटकाच्या बाहेर आली. बाहेर कुणीच न्हाई. सडक मोकळी. ती जरा वेळ उभी राह्यली, मंग माघारी फिरून शिपाईण बाईला म्हणाली, "मी सांजपस्तोर हितं सावलीला बसू का?"

संपला प्रसंग. पुढं उमाचं कोर्ट सुरू झालं, पण आमच्या घरात कुणाचं ध्यान न्हाई. ज्योत्स्नाकाकू तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "एक मेलंबी आलं न्हाई? एवढ्या मोठ्या गावातून एक मेलंबी?"

अन् माय उठली. उठता येत न्हाई, तरी खुर्चीला धरून उठली. तुझे दादा बाहेर ओट्यावर बसल्ते. मालिका लागली की ते ओट्यावर जातेत. गेल्या कितीक वर्षांत ते तुला भेटायला आले न्हाईत, तू कधी इचारलं न्हाईस अन् मी कधी लिहिलं न्हाई. माय दारात जाऊन त्यांच्यावर ओरडली, "संपत! तू का न्हाई गेल्ता तिला आणायला? लेकरू उन्हात उभं हाय तिकडं!"

मला वाटलं आता हे भडकणार. न्हाई भडकले. खाली मान घालून म्हणाले, "जातो, माय." अन् हमसून रडले गं, सगळ्या बायांसमोर. तुझा दादा!

मी डोळे पुसून राह्यले तर मागून प्रिया म्हणाली, "आई, आपणबी जायचं ना?" भिंतीकडचं तोंड वळवून बसल्ती. कधीपासून बघत होती कुणास ठाऊक.

तू बराबर वाचलंस. आई. ती मला आई म्हणती. तू गेलीस तेव्हा ती अंगणवाडीत होती, मला शिकवावं लागलं न्हाई, तिचं तीच म्हणायला लागली. मला स्वतःचं लेकरू न्हाई. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी घरात जाऊन रडले, अर्धी तुझ्यासाठी अन् अर्धी खुशीनं. हे तुला लिहायचं धाडस झालं न्हाई.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहिलंस की पुढच्या महिन्यात सुटल्यावर गावात येत न्हाई, तिकडंच शिवणकामाच्या संस्थेत राहते, गावाला तोंड कसं दाखवू, अन् प्रियाला तर माझी ओळखबी नसंल. खरं सांगते, ते वाचून मला आधी हायसं वाटलं. वाटलं, पोरगी माझ्यापाशी राहील. पत्र डब्यात ठेवलं अन् कुणाला दाखवलं न्हाई. पण भाकरी गोड लागंना. आता मी ते सगळ्यांना दाखवलंय, तुझ्या दादांना, प्रियाला, मायला वाचून. माय म्हणाली, "संस्था काय करायची? शिवायचंच हाय तर तिचा गोधडीचा गठ्ठा हितं हाय."

अन् गावाला तोंड दाखवायचं म्हणतीस, तर ऐक. त्या भागाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही खुरपायला गेल्तो. ज्योत्स्नाकाकू बांधावर उभ्या राहून पाती वाटून देत होत्या. तुला आठवतं ना, डावखुरी म्हणून तुला नेहमी डाव्या अंगाची कडंची पात असायची, शेजारणीला कोपर लागू नये म्हणून. तू गेल्यावर ती पात जिला उशीर होईल तिच्या माथी. कडंला गवत जास्त, कुणाला नको असती. त्या दिवशी एक नवी सून तिथं बसाया गेली तर काकू म्हणाल्या, "उठ तिथून. ती पात संध्याची हाय."

मोकळी सोडली गं. आजारी बाईची नाहीतर बाळंतिणीची पात शेजारणी सांभाळतेत, तशी आम्ही आळीपाळीनं हात मारून ती संगं नेली. बिलकुल मागं राहू दिली न्हाई. माझं खुरपं तिथं चालंना, डोळ्यात पाणीच येत होतं. काकू म्हणाल्या, "रडती कशाला? येऊ दे तिला, ह्या सगळ्याचं गवत तिच्याकडून काढून घेते." त्यांची माया अशीच असती, तुला म्हाईत हाय.

तुझ्या दादांनी देवानंदची जीप सांगून ठेवलीय. जागेवरून आत्ताच भांडणं लागलीत. ज्योत्स्नाकाकूंनी पुढची सीट आपली म्हणून जाहीर केलं. माय म्हणती, मला उचलून न्या, पण न्या. तेव्हा संध्या, संस्थेच्या बाईंना नम्रपणे न्हाई म्हणून सांग. आम्ही निघालोच म्हणून समज. तू आली न्हाईस तर आम्ही सगळ्या तिथंच सावलीला बसणार, अन् मायचं तोंड तुला म्हाईत हाय.

प्रियाचं काय होईल, तुझी की माझी, ते मला ठाऊक न्हाई. मला भ्या वाटतं, हे लपवत न्हाई. पण मायनं रोज तुला मागच्या रांगेत हुडकलं, अन् मी पोरीला तिच्या आईपासून लपवून ठेवू? ते माझ्यानं व्हायचं न्हाई. दोघी मिळून काय ते निस्तरू. कागदावर मलाबी जागा राहू दे म्हणून पोरगी मघापासून पाठीमागं उभी हाय, म्हणून हितंच थांबते.

तुझी वाट बघणारी,
तुझी वहिनी
कौसल्या

मम्मी, हे मी डाव्या हातानं लिहिलंय. वाचता येतंय ना?
प्रिया