वीस मिनिटांचा रकाना

गुरुवार, ११ फेब्रुवारी १९५४
मुलींचं वसतिगृह, खोली नऊ

प्रिय टिटवी,

खूप आठवण. तू बरी असशील असं लिहायची रीत आहे, पण तू बरी नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून तेवढं गाळते. मी बरी आहे. हे पत्र तुझ्या वहिनींच्या नावावर टाकते आहे. त्या ते गुपचूप तुझ्या हातात देतील.

आधी इकडची खबरबात. न्हाणीघरापुढची रांग आहे तशीच आहे. गरम पाणी पहिल्या सहा जणींनंतर संपतं आणि सातवी नेमकी मी असते. नवं म्हणजे रेक्टरबाईंनी मैदानाकडच्या सगळ्या खिडक्यांच्या काचा हिरव्या रंगवून घेतल्या, कारण समोर मुलं हॉकी खेळतात. दिवसासुद्धा खोलीत बसलं की डबक्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटतं. दोन नंबरच्या खोलीतल्या जाडीने केसांच्या आकड्याने रंग खरवडून डोळ्याएवढं भोक पाडलंय आणि ती एकेकीला मिनिटभर बघू देते. मीही बघितलं. मैदानावर चिटपाखरू नव्हतं.

तुझी खाट रिकामीच आहे. सुरुवातीला मी तिच्यावर पुस्तकं ठेवायचे, नंतर ते जमेना.

तुझं पत्र येऊन पाच आठवडे झाले. "आबांना कुणीतरी सांगायला हवं की मी वीस मिनिटं उशिरा आले, एवढंच. तू लिही, तुझं ते ऐकतील." मी तुझ्या वडिलांना एक ओळही लिहिली नाही. परीक्षा, अभ्यास, घसा, सबबींना काय तोटा.

घशाचं मात्र सांगायलाच हवं. तुला सगळं माहीत आहे, तरी मला एकदा ओळीने लिहू दे, नाहीतर मी पुन्हा आडवाटेला जाईन.

साडेसहाला जेवणघरात हजेरी. नावं नाहीत, खाटांचे नंबर. सतरा म्हणजे मी, अठरा म्हणजे तू. रेक्टरबाई वहीतून मान वर काढत नाहीत, म्हणून तर आपलं नाटक चालायचं. सतराला माझा आवाज, आणि तू बाहेर असलीस की अठराला नाक दाबून तुझा तो टिटवीचा आवाज. तीन वर्षांत तू माझ्यासाठी दोनदा दिलास, मी तुझ्यासाठी अकरा वेळा. मी मोजत होते, यावरूनच बघ मी कशी आहे ते.

डिसेंबरातल्या त्या दिवशी तू छापखान्यात प्रुफं तपासायच्या नोकरीसाठी भेटायला निघालीस. मला सांगून निघालीस. मी म्हटलं, "मीपण येऊ का गं?" तू चपला घालता घालता हसलीस. "तू? घरून परवानगीचं पत्र आल्याशिवाय तू शिंकतसुद्धा नाहीस."

थट्टा होती, कळतं मला. पण ती दिवसभर बोचत राहिली, कारण खरी होती. तू नोकरी धरणार, स्वतःची खोली घेणार, आणि मी बी.ए. होऊन बाबांच्या घरात आत्याच्या नजरेखाली बसणार, हे मला त्या दिवशी लख्ख दिसलं. मला तुझा हेवा वाटला. बाईंनी "अठरा?" विचारलं. मी मूग गिळून बसले. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही बसले. घसा बसला होता असं मी तुला कळवलं ना, ते खोटं. घसा ठणठणीत होता. मला वाटलं, चार बोलणी खाईल, जरा खोड मोडेल.

वहीत रकाने दोनच आहेत, हजर आणि गैरहजर, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. हजेरी एकदाच होते, तीच रात्रीची धरतात. वीस मिनिटांना रकानाच नाही. तू सहा पन्नासला धापा टाकत आलीस, अजून पानं वाढणं चाललं होतं, तरी वहीत 'रात्री गैरहजर' असंच पडलं आणि तुझ्या घरी छापील पत्र गेलं तेही त्याच शब्दांचं. आबांनी 'रात्री' एवढं वाचलं आणि पुढची गाडी पकडली.

आणि आबा आले तेव्हा त्यांच्यासमोर बाईंनी मला विचारलं, "ती कुठे गेली होती, तुला ठाऊक होतं?" तू ट्रंक घेऊन दाराशी उभी होतीस. मी म्हटलं, "नाही, बाई." तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. मी पकडली जाऊ नये म्हणून बघितलं नाहीस, हे मला तू गेल्यावर कळलं. तेव्हापासून मला माझी लाज वाटते.

सोमवारी वहिनींचं कार्ड आलं. येईल त्या स्थळाला हो म्हणायला आबा तयार आहेत, एका बिजवराकडची माणसं पुढच्या आठवड्यात बोलणी करायला येणार आहेत. "रात्रभर बाहेर राहिलेल्या मुलीला आणखी काय मिळणार," असं ते घरात बोलतात म्हणे.

काल दुपारी मी बाईंच्या खोलीत गेले.

"बाई, डिसेंबरातली एक नोंद चुकली आहे."

"नोंद चुकत नसते," त्या म्हणाल्या. "मुली चुकतात."

मी सगळं सांगितलं. छापखाना, नाक दाबून दिलेला आवाज, अकरा वेळा. बाईंनी चष्मा काढून ठेवला.

"लेखी देशील?"

"देईन."

"मग तुझी जागा राहणार नाही. परीक्षेला पाच आठवडे उरलेत. समजतंय ना?"

"समजतंय."

"मग कशाला देतेस?"

मी कागद पुढे ओढला. लिहायला लागले. त्यांनी वही काढली, तांबड्या शाईने जुनी नोंद खोडली आणि लिहिलं, 'वीस मिनिटे उशिरा. रात्रभर खोलीत हजर.' रकान्यात मावेना, अर्धं समासात गेलं. सही केली, शिक्का मारला, नक्कल करून दिली. मग लगेच माझ्या बाबांना पत्र लिहायला घेतलं. त्या दुष्ट नाहीत गं. त्यांच्याही खोलीच्या काचा हिरव्याच आहेत.

नक्कल आज रजिस्टर पोस्टाने आबांच्या नावे गेली. ते सहीशिक्क्याला मानणारे आहेत, ऐकतील. पोस्टातून निघाले ती तशीच छापखान्यात गेले, एकटी, कुणालाही न विचारता. मालक म्हणाले, जागा अजून भरलेली नाही, महिनाअखेरपर्यंत थांबतो. आबा नोकरीला हो म्हणेपर्यंत हट्ट सोडू नकोस.

बाबा परवा मला न्यायला येतील. परीक्षा बुडाली. ते ओरडणार नाहीत, हात तर कधीच उगारत नाहीत. घरी पोचल्यावर पुस्तकांची ट्रंक माळ्यावर टाकतील आणि मला चहा करायला सांगतील. मला त्या चहाची भीती वाटते, टिटवी. एकदा तो केला की मग रोज करायचा.

हे उपकार म्हणून धरू नकोस. दोन महिने उशिरा केलंय. 'माफ कर' असं लिहिणार होते, पण मग तुला 'केलं' म्हणावं लागेल, आणि ती सक्ती मला करायची नाही.

पत्ता तोच, बाबांचा. आमच्याकडे आलेलं पत्र बाबा आधी वाचतात, मग मला देतात. म्हणून लिहिलंस तर हवापाण्याचं, तब्येतीचं लिही. आणि छापखान्यात जायला लागलीस, तर हल्ली डोळे फार दुखतात, असं एक वाक्य घाल. बाबा म्हणतील, त्या मुलीला चष्मा घ्यायला सांग. मी बरं म्हणेन आणि चहा करायला आत जाईन.

तुझी,
म्हणू देशील तर, मैत्रीण