पिवळी बस शिकवणाऱ्या बाईंना

बाई, परवा माझ्या मुलीनं फोनवर विचारलं, "मॉम, पण व्हाय यू?" ती आता दूर पश्चिम किनाऱ्याकडे, बॉथेल गावी एका लॅबमध्ये असते. तिच्या टीममध्ये नवीन माणसं घ्यायचं काम पहिल्यांदाच तिच्यावर आलंय, आणि माणूस नेमका बघून निवडतात कसा, हे तिला कळेना. म्हणून तिनं माझी गोष्ट काढली. वर्गात एवढ्या बायका असताना बस चालवायला तुलाच का घेतलं?  फोन ठेवला आणि चहा टाकला, तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. तुम्हाला सगळे 'मिस' लावून नावानं हाक मारायचे. मी मनात पहिल्या दिवसापासून बाईच म्हणत आले, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

तो वर्ग चर्चच्या तळघरात भरायचा. नवरा टेक्सासला नोकरीला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. मुलगी लहान, माझं नागरिकत्व नुकतंच झालेलं. सरकारी मदतीचे पैसे दर महिन्याला कार्डावर यायचे आणि त्या बदल्यात वर्गाला बसायचं, नोकरी शोधायची, असा नियम. डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानात किराणा घेताना ते कार्ड काढण्याआधी मी मागे वळून बघायचे, कोणी ओळखीचं नाही ना. वर्गात मुलाखतीला जाताना काय घालायचं, हात कसा मिळवायचा, असलं शिकवायचे. मी मागच्या बाकावर बसून ऐकायचे. आणि एक दिवस नारिंगी जाकीट घातलेल्या, उंच, पिकल्या केसांच्या तुम्ही आलात. शाळेच्या बसला ड्रायव्हर हवेत म्हणून सांगितलंत आणि लगेच विचारलंत, "मुलांचा आरडाओरडा कुणाला सहन होतो?" बायका हसल्या, निम्म्यांनी हात वर केले. मी केला नाही. मला दुसराच प्रश्न पडला होता, आणि तो तोंडातून निघूनच गेला : एवढ्या लांब बसमध्ये मागचं दिसतं कसं? तुम्ही माझ्याकडे बघितलंत. म्हणालात, "नाही दिसत. म्हणून आरसे असतात. आणि आरशातही सगळं येत नाही." संध्याकाळी मदतीच्या ऑफिसातून माझं प्रकरण बघणाऱ्या केसवर्करचा फोन आला की शाळेच्या बसच्या ट्रेनिंगला माझं नाव लागलंय. माझ्याकडे साध्या गाडीचं लायसन्स होतं खरं, पण नवरा गाडी घेऊन गेल्यापासून मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

मदतीच्या प्रोग्रॅममधून शिकाऊ परमिटची फी भरली, शहरातल्या बस-ट्रेनचा सीटीएचा पास दिला, बर्फात घालायचे बूट दिले. अडलं ते मुलीपाशी. बस यार्डातून अंधारातच निघणार आणि पाळणाघर उजाडल्यावर उघडणार. केसवर्कर म्हणाली, ओळखीचं कोणी घरी सांभाळत असेल तर त्या माणसालाही प्रोग्रॅम पैसे देतो, फक्त त्यांची सही आणि कागदपत्रं लागतील. ओळखीच्या म्हणजे खालच्या मजल्यावरच्या नागपूरच्या काकू. त्यांना मी सांगून ठेवलं होतं की मी कॉम्प्युटरचा क्लास करते. दोन दिवस मी नुसती त्यांच्या दारावरून वरखाली करत राहिले. तिसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या, तिथे ओट्याला टेकून सगळं सांगून टाकलं. मदत घेते, वर्ग कसला आहे, आणि सही हवी आहे. काकूंनी भाकरी उलटली, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्हणजे पैसे मला मिळणार?"

"हो काकू."

"माझ्या नावानं?"

"तुमच्याच नावानं."

"अगं बाई! या देशात येऊन इतकी वर्षं झाली, पोराची पोरं वाढवली, मला आजवर कोणी पगार म्हणून दिला नाही. आण तो कागद." आणि वर पिठाच्या हातानं माझ्या पाठीवर एक धपका. कोटावर ते पीठ तसंच घेऊन मी यार्डात आले होते. तुम्ही विचारलंत हे काय, आणि मी सांगितल्यावर तुम्ही इतक्या हसलात की शेजारच्या बसमधला मेकॅनिक डोकं बाहेर काढून बघायला लागला.

तुमचं रागावणं मला अजून शब्दाशब्दानं आठवतं. वळताना कुणी हॉर्न वाजवला की मी काचेतून "सॉरी, सॉरी" म्हणायचे. तुम्ही बस बाजूला लावायला लावलीत. "कुणाला म्हणतेस? त्याला ऐकू येत नाही. मागे बसलेल्या मुलांना मात्र ऐकू येतं, आणि त्यांना वाटतं, ड्रायव्हरला काही येत नाही. बस सॉरी म्हणत नाही. बस सिग्नल देते, थांबते, मग वळते. पुन्हा चल." मी रडवेली झाले होते. पुढे रेल्वेचं फाटक आलं. तिथे शाळेच्या बसनं थांबायचं, दार उघडायचं, शेजारची खिडकीही उघडायची, असा नियम. थंडी आत घुसते. मी विचारलं, कशासाठी? तुम्ही एवढंच म्हणालात, "ऐक." मी कान दिला. कुठे तरी कुत्रं भुंकत होतं, तारा हलत होत्या, गाडी नव्हतीच. मी आजही फाटकापाशी मुलांना "ऐका" म्हणते. ती ऐकत नाहीत, पण क्षणभर गप्प होतात.

पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. बस नीट चालवली, पण त्याआधी बसभोवती फिरून एकेक भाग हात लावून दाखवायचा, तो काय करतो आणि काय बिघडू शकतं ते मोठ्यानं बोलायचं, तिथे माझं इंग्रजी गोठलं. पुन्हा नापास झाले असते तर ट्रेनिंग संपलं आणि मी परत तळघरातल्या बाकावर. त्या दुपारी तुम्ही मला यार्डात थांबवलंत. म्हणालात, "तुझ्या भाषेत सांग आधी." मला वाटलं, थट्टा करताय. पण तुम्ही हात खिशात घालून उभ्याच. मग मी सुरुवात केली. हा टायर, याच्या नक्षीची खोली बघायची. इथून हवा गळते का ते ऐकायचं. बंपरचा हा लांब हात बाहेर येतो, म्हणजे मूल बसच्या पुढ्यातून चालताना ड्रायव्हरच्या नजरेआड होत नाही. आख्ख्या बसला मी मराठीत प्रदक्षिणा घातली, बाई, आणि मराठीचं एक अक्षर येत नसताना तुम्ही सबंध वेळ मान डोलवत होतात. मध्येच एकदा म्हणालात, "ते विसरलीस." आणि खरंच आपत्कालीन दार राहिलं होतं! तुम्हाला कसं कळलं, तेही मी विचारलं नाही. दुसऱ्या परीक्षेत शब्द आपोआप आले.

पगार सुरू झाला तशी रोखीची मदत थांबली. तसं पत्र आलं त्या दिवशी आनंद व्हायला हवा होता, मी मात्र ते पुन्हा पुन्हा वाचत बसले. पाळणाघराची मदत आणि दवाखान्याचं कार्ड अजून काही काळ चालणार होतं, तरी वाटलं, बस बंद पडली, मी आजारी पडले, तर काय? तुम्हाला सांगितलं. "भीती वाटते?" "हो." "वाटू दे. उद्या वेळेवर ये." मी गेले. मग त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेले. पुढे मदतही एकेक करून संपत गेली. कुठली शेवटची संपली ते आता आठवतही नाही.

तुम्ही गेलात त्याला आता पुष्कळ हिवाळे झाले. शहराच्या दक्षिण भागात, साऊथ साइडच्या चर्चमध्ये तुम्हाला निरोप दिल्यावर जेवायला बसलो, तर माझ्या टेबलावर तुम्ही शिकवलेल्या आणखी दोघी निघाल्या. तिघींना एकच कुतूहल, बाईंनी आपल्यालाच का निवडलं. एक म्हणाली, मी त्यांच्याशी भांडले होते म्हणून मला घेतलं. दुसरी म्हणाली, मी वर्गात एक शब्द बोलले नव्हते म्हणून. मी म्हणाले, मी एक प्रश्न विचारला होता. मग आम्ही तिघींनी तुमच्या बहिणीनं वाढलेला केक खाल्ला. हे सगळं लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "दॅट्स नॉट अ मेथड, आई." नसेल.

हल्ली माझ्या रूटवर मदतीचं एक ऑफिस लागतं. मुलांना सोडून रिकामी बस परत आणताना तिथल्या सिग्नलला थांबावं लागतं. दाराशी बायका उभ्या असतात, कुणाच्या कडेवर मूल, कुणी फोनवर भांडत असते, कुणी नुसतीच रस्त्याकडे बघत असते. मी वरून त्यांचे चेहरे बघते. मनात म्हणते, ही चालवील. ही नाही, पण ही लोकांना छान सांभाळील. त्या निळ्या टोपीवालीला विचारायला हवं. आमच्या डेपोत माणसं कमी आहेत, मॅनेजरनं मला दोनदा सांगितलंय, कोणी असेल तर आण. तेवढ्यात सिग्नल सुटतो. बाई, आजवर मी एकदाही परत जाऊन कुणाला विचारलेलं नाही.