चौथं पान

प्रिय तोफे,

तीन दिवस तुझा फोन वाजतोय आणि मी उचलत नाहीये. पक्षाने तुला निलंबित केलं. चौकशी समितीच्या तिघांत मी होते, म्हणून हे माझंच काम, असं तू सांगत फिरतेयस. ‘जळते ती माझ्यावर,’ असंही म्हणालीस म्हणे.

जळते. एकदाचं लिहूनच टाकते.

एकोणीस वर्षांपूर्वी आपण दोघी एकाच शिडीवर चढून पोस्टरं चिकटवायचो. मग उमेदवारी तुला मिळाली, कारण तुझा आवाज. माझ्याकडे फक्त अक्षर होतं. तेव्हापासून तुझी भाषणं मी लिहिली. लोक टाळ्या वाजवायचे आणि मी शेवटच्या रांगेत बसून मनात म्हणायचे, हे वाक्य माझं, हेही माझंच. तू व्यासपीठावरून उतरलीस की लोक तुला गराडा घालायचे, आणि मी तुझी पर्स सांभाळत उभी. एकदा कुणीतरी मला तुझी मोलकरीण समजलं. तू खो खो हसलीस. मीही हसले, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

गेल्या महिन्यातल्या सभेत मात्र तू अडखळलीस. तिसऱ्या पानावरून थेट पाचव्यावर गेलीस, वाक्याचा वाक्याला मेळ बसेना, लोक हसले. कचेरीत येऊन, पान हिनेच गाळलं म्हणत, तू टायपिस्ट मुलीच्या थोबाडीत मारलीस. तिचा चष्मा फुटला, भुवईवर तीन टाके पडले. वर तिलाच घरी बसवलंस.

समितीत वकीलसाहेब म्हणाले, “निवडणूक तोंडावर आलीय, आपसांत मिटवून टाकू.” हेडमास्तर कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. “आपल्या माणसाला आपणच जाब विचारणार नसू, तर दुसऱ्यांना कुठल्या तोंडाने विचारायचा?”

मग त्या मुलीला आत बोलावलं. तिने तुझ्याबद्दल एक वावगा शब्द काढला नाही. एवढंच म्हणाली, “पानं मी तीनदा मोजली होती. सातच्या सात होती.” आणि माझ्याकडे बघितलं. संशयाने नाही गं. मी तरी तिच्या बाजूने बोलेन, या भरवशाने.

सातच होती. चौथं मी काढलं होतं. तू व्यासपीठाकडे निघालीस तेव्हा फाइल माझ्याच हातात होती. फार काही ठरवलं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, माझ्या शब्दांवाचून तू कशी दिसतेस ते मला बघायचं होतं.

मी खुर्चीवरून उठले आणि हे सगळं समितीपुढे सांगितलं. मत दिलं नाही. उरलेल्या दोघांनी एकमताने निर्णय दिला, वकीलसाहेबांनीही. त्या मुलीची मी माफी मागितली. ती म्हणाली, “ताई, हात त्यांचा होता, पण मार मला तुमच्यामुळे बसला.” सोमवारपासून ती कामावर येतेय. तिच्या वाटेला जाऊ नकोस. हात तुझाच होता, हे माझ्या कबुलीने पुसलं जात नाही.

हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहितेय. पत्रक उद्या कचेरीत लागेल. निलंबन आपलं दोघींचं आहे, तीन-तीन वर्षांचं. कच्ची प्रत मला दाखवली. तुझं नाव वर आहे, माझं खाली. आणि खरं सांगू? तेही मला खुपलं.

तुझीच, अजून तरी,
भाषणवाली