चाबूक, पॉपकॉर्न आणि जोगळेकर काकू

३ ऑक्टो.
ऑक्टोबर उजाडला, इंग्लंडमधला ब्लॅक हिस्ट्री मंथ, आणि ऑफिसला काळ्या माणसांची आठवण झाली. एचआरच्या हॅनाची ईमेल: बुधवारी लंचला गुलामगिरीवरचा सिनेमा, पॉपकॉर्न फ्री. प्रास्ताविक ग्रेस करणार. ग्रेसला विचारलेलंसुद्धा नाही! माझ्या शेजारच्या डेस्कवर बसते, टेस्टिंग करते, जन्म रेडिंगचा, वडील बस चालवायचे. "मीच का?" तिने विचारलं, तर हॅना म्हणे, लिव्ह्ड एक्स्पीरियन्स, स्वतः भोगलेलं. ग्रेस म्हणाली, "चाबकाचा? ब्रॅकनेलमध्ये?"

८ ऑक्टो.
पाहिला. पडद्यावर फटके, खाली कुरुमकुरुम. मॅनेजरसाहेब डोळे पुसत आले आणि ग्रेसच्या खांद्यावर हात ठेवला. जणू तीच आत्ता झाडाला बांधलेली होती. दुपारी तिच्याच टीमचं बजेट कापलं. अश्रू वाळायच्या आत.
कार पार्कमध्ये ग्रेस: "मला एकच सिनेमा दे. काळी बाई कॉर्नवॉलला सुट्टीवर जाते, तंबूवरून नवऱ्याशी भांडते, घरी येते. संपला." खूप हसलो दोघी.

१२ ऑक्टो., रवि.
हॅरोला मराठी मंडळाची मीटिंग. दिवाळी कार्यक्रमात कुठला सिनेमा? मी सुचवला तो नवा मराठी, वस्तीतल्या मुलीचा, जिला गावच्या विहिरीवरून हाकलतात. पिनरच्या जोगळेकर काकू लगेच, "अगं, सणासुदीला रडगाणं कशाला? मुलांना काहीतरी पॉझिटिव्ह दाखवू या."
याच काकू चहाच्या वेळी सांगत होत्या की तो गुलामगिरीवरचा पाहून दोन दिवस जेवण गेलं नाही. "किती सोसलं गं त्या लोकांनी! प्रत्येक मुलाने बघायलाच हवा." त्या लोकांनी. लांबच्या लोकांचं सोसणं काकूंना छान पचतं.
कमिटीतले डॉ. साने: "जात आता राहिलीय कुठे?" आणि पुढच्याच मिनिटाला मला, "तुमचं मूळ गाव कुठलं? नागपूर ठीक, पण नागपुरात कुठे?" आडनावावरून उलगडा होत नाही बिचाऱ्यांना.

१४ ऑक्टो.
ग्रेसला सगळं सांगितलं. वाटलं, ती तरी माझ्या बाजूने. म्हणाली, "मला तुझ्या आंटीचं पटतं."
मी भडकले. म्हटलं, तुला आनंद हवाय, तिला फक्त गप्प बसलेले लोक हवेत. दोन्हींत फरक आहे.
"आहे ना. पण खुर्चीवर बसलेल्या मुलीला तो कळत नाही. माझ्या भाचीला वर्गात असाच सिनेमा दाखवला. दिवे लागले आणि सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघायला लागला. त्यानंतर आठवडाभर ती शाळेत गेली नाही."
लंच एकटीने खाल्ला.

१९ ऑक्टो.
मुक्ताला सिनेमाबद्दल सांगितलं. तेरा वर्षांची, इथेच जन्मलेली. तिचा प्रश्न: "आई, ती मुलगी आपला आहे?"
"आपली. हो."
"आणि हॉलमध्ये सगळ्यांना माहितीये, की आपण ते आहे?"
"नाही."
"मग माहीत होईल."
फोन घेऊन वर गेली.

२६ ऑक्टो.
शेवटची मीटिंग. काकूंचा पर्याय तयार: पुण्याचं एकत्र कुटुंब, आमरस, पैठण्या, सगळी पात्रं एकाच पेठेतली. पॉझिटिव्ह म्हणे!
मी म्हटलं, चालेल. पॉझिटिव्हच दाखवा, पण त्यात आमच्यातली एक इंजिनियर दाखवा. नवऱ्याशी भांडणारी, सुट्टीवर जाणारी. असा सिनेमा आहे का कुणाकडे? नसेल तर विहिरीचाच लावा.
"आमच्यातली म्हणजे?" काकू.
"आम्ही बौद्ध. पूर्वाश्रमीचे महार."
डॉ. साने चहाच्या कपात बघत बसले. जात राहिलीच नव्हती ना, मग एवढं काय शोधत होते तिथे?
काकूंनी माझा हात हातात घेतला. अगदी प्रेमाने. "अगं, पण तुझ्याकडे बघून वाटत नाही हो!"
मला शाबासकी दिली बाईने.
मतं घेतली. माझा सिनेमा पास झाला. विरोधात हात वर करायची एकाचीही हिंमत झाली नाही. पटल्यामुळे नव्हे, माझ्यासमोर वाईट दिसायला नको म्हणून. असला विजय काय चाटायचाय?

२८ ऑक्टो.
ग्रेसला सांगितलं. ती: "ते 'वाटत नाही' मलाही म्हणतात. फोनवर, नुसता आवाज ऐकून." पण सिनेमाला येणार नाही म्हणाली. "तुझ्यावर राग नाही. पण आणखी एक मार खाणारी मुलगी मी बघणार नाही." तिचं चुकतंय असं अजूनही वाटतं. पण पहिल्याइतकं ठामपणे नाही...

१ नोव्हें., शनि.
पाचला हॉल. साडी नेसून बसलेय. काकूंचा मेसेज, "पहिल्या रांगेत तुम्हा दोघींच्या जागा ठेवल्यात हं." पहिल्या रांगेत! म्हणजे सगळ्यांना आमच्या माना नीट दिसाव्यात.
मुक्ताला सकाळीच सांगितलं, यायलाच हवं असं नाही. "मी ठरवेल," म्हणाली. तिच्या मैत्रिणीकडेही आज बर्थडे आहे.
वर तिच्या हेअर ड्रायरचा आवाज येतोय. कुठे जायला तयार होतेय, विचारलेलं नाही.