रावांचं वाकडं बटण

सोम., ८ सप्टें.
ऑफिसातल्या नव्या एआय एजंटने आज पहिल्यांदा स्वतः बटणं काढली. मी नियम साध्या भाषेत लिहून दिले होते: उंची, रंग, दाबल्यावर कसं दिसायचं, अजून दाबायची वेळ आली नसेल तर किती फिकट. त्याने डिझाइनची फाइल उघडली आणि माझा चहा गार व्हायच्या आत दूध केंद्राच्या ॲपची सगळी बटणं ओळीने मांडून ठेवली. एकही इकडेतिकडे नाही. मला टापटिपीचं वेड, डोळे निवले.
शेजारच्या खुर्चीवरून राव बघत होते. अकरा वर्षं हीच बटणं ते हाताने काढताहेत. "छान झालं की," एवढंच म्हणाले.

मंगळ., ९
नियम केले ते रावांच्या जुन्या बटणांवरूनच, पण गाळून. त्यांचं एक बटण खालून जास्त उंच, दुसऱ्याभोवती उगाच काळी कड, 'रद्द' तर पार डाव्या कोपऱ्यात. डिझाइनच्या पुस्तकात बसेना ते सगळं मी सरळ केलं. दाखवलं तर मान हलवली. "सरी, ठीक आहे, ताई. तुम्ही शिकलेले."
संध्याकाळी साहेबांना अहवाल. पुढे या कामाला माणूस लागेल का, असं त्यांनी विचारलं होतं. लिहिलं: 'बटणं काढायला आता माणसाची गरज नाही.' पाठवलंही. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की या कामाला माणूस म्हणजे एकटे राव. कुवेंपुनगरातलं आमचं घर त्यांनीच शोधून दिलं होतं, घरमालकिणीशी तासभर कन्नडमध्ये बोलून. आम्ही तेव्हा सांगलीहून नुकते आलेलो, मला 'नीरु', म्हणजे पाणी, याच्या पुढे एक शब्द येत नव्हता.

बुध., १०
साहेब खूष. रावांशी महिनाअखेरीस बोलतो म्हणाले, तोवर तू काही बोलू नकोस. दिवसभर रावांकडे बघायचं टाळलं.

शुक्र., १२
वरुणाजवळच्या गावात, दूध केंद्रावर, नवी बटणं तपासायला. दसऱ्याच्या हत्तींची तालीम, त्यामुळे वळसा घालून. सातला पोचले. केंद्र जयम्मा चालवतात. कॅन घेतलेल्या बायकांची रांग, भिंतीवर नव्या बटणांचा टॅबलेट, दारातून तिरपं ऊन थेट त्याच्यावर.
आणि मग फजिती. दुधाचं फॅट मोजून होईपर्यंत 'नोंद'चं बटण फिकट राहतं. त्या उन्हात ते दिसेचना. जयम्मांना वाटलं बिघडलं, त्या मागे गेल्या, पुन्हा पहिल्यापासून. मग ओलं बोट दोनदा 'रद्द'वर घसरलं, कारण मी ते नीटनेटकं दिसावं म्हणून 'नोंद'च्या शेजारी आणलं होतं. रांग दारापर्यंत. शेवटी त्यांनी माझा टॅबलेट काढून माझ्या हातात दिला आणि जुना खुंटीला लावला. "इदे साकु," म्हणाल्या. हेच पुरे.
जुन्यावर रावांची बटणं. ती काळी कड उन्हात लख्ख दिसत होती.
उंटावरून शेळ्या हाकणारी मी. तरी जयम्मांचे उपकारच म्हणायचे. भिडेखातर गोड बोलल्या असत्या तर हीच बटणं पुढच्या आठवड्यात सगळ्या केंद्रांवर गेली असती.

शनि., १३
रावांना एकेक बटण दाखवून विचारलं, हे असं का. प्रत्येकाला कारण होतं. कड उन्हासाठी. 'रद्द' लांब, कारण हात ओले.
"आणि हे खालून वाढवलंय ते?"
"नोडी, हे बघा, टॅबलेट उंचावर. बोट खालनं येतं. बाई बुटकी असली तर अजून खालनं."
दर नव्या केंद्रावर ते ऑफिसच्या आधी स्कूटरने जाऊन कोपऱ्यात उभे राहायचे. ऑफिसात कुणाला पत्ता नाही. मला का नाही सांगितलं म्हटलं, तर म्हणे कुणी विचारलं नाही.

सोम., १५
सांगून टाकलं. अहवाल, ते वाक्य, महिनाअखेर. साहेबांनी बोलू नकोस म्हटलं होतं, पण जमेना.
रावांनी चष्मा पुसला. मग: "लिहिलात तेव्हा खरंच वाटलं होतं ना तुम्हाला?"
हो म्हटलं.
"मग खोटं नाही लिहिलं. चुकलं. ते आपण नीट करू."
आणि खुर्ची ओढून बसले. दुपारपर्यंत प्रत्येक नियमाखाली त्याचं कारण लिहिलं. जेवताना त्यांनी डब्यातलं अर्धं चित्रान्न, लिंबू पिळलेला फोडणीचा भात, माझ्या झाकणात वाढलं. या माणसाचे मी कशाकशासाठी आभार मानू.

मंगळ., १६
कारणांसकट नियम एजंटला दिले. कड आली, उंची आली, 'रद्द' कोपऱ्यात गेलं. मग त्याला नवं काम दिलं: पिरियापट्टणला तंबाखू सुकवायच्या कोठ्या असतात, तिथलं तापमान बघायचं ॲप. यावेळी बटणं काढण्याआधी थांबला. विचारलं, ही उजेडात दाबायची की अंधारात? दाबणाऱ्याचे हात कसे असतील?
कारणं वाचली म्हणून विचारलं त्याने. त्याचेही आभार, मला इतक्या वर्षांत हे सुचलं नव्हतं. मी रावांकडे बघितलं. त्यांनाही ठाऊक नाही. "जाऊन बघायला पाहिजे," म्हणाले.

गुरु., १८
साहेबांना पत्र. 'माझं आधीचं वाक्य चूक होतं. बटणं एजंट काढेल. ती कशी हवीत ते जाऊन बघायला राव हवेत. मी त्यांचं शहाणपण चुका समजून पुसलं.' चार वेळा वाचून पाठवलं.
उत्तर: अहवाल वर गेलाय. सोमवारी बघू, शब्द देत नाही.

शनि., २०
राव रजा टाकून सकाळच्या बसने पिरियापट्टणला गेले. मी म्हटलं होतं, सोमवारचं ठरू दे आधी. ते म्हणाले, कोठी सोमवारपर्यंत थांबते का?
अकराला फोटो आला. त्यांचाच तळहात, काळा कुळकुळीत. खाली लिहिलेलं: 'ओले नाहीत. चिकट. पानाचा चीक. स्क्रीनला बोट चिकटतं, दोनदा दाबलं जातं. आत अंधार.'
तसंच्या तसं एजंटला दिलं. त्याने एकदा दाबल्यावर दुसरं दाबणं सोडून द्यायचा नियम सुचवला आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला: कोठीजवळ किती वेळ उभं राहवतं, बटण किती घाईत दाबावं लागतं?
रावांना पाठवला. "थांबा, कोठीच्या दाराशी उभा राहून सांगतो," म्हणाले.
वीस मिनिटं झाली. अजून उत्तर नाही, म्हणजे दाराशीच उभे असतील.